छापील प्रतच लागेल

दोष तुमचा आहे, साहेब. शस्त्रक्रियेची तारीख हवी तर छापील अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी बाराच्या आत रुग्णालयाच्या खिडकीवर आणा, हा नियम तुमचा. घरोघरी छापखाना असतो असं तुम्ही गृहीत कसं धरलंत?

त्या नियमापायी आज, शेवटच्या दिवशी, जुळारीकाका सकाळी साडेनवापासून प्रिंटरपुढे मांडी ठोकून बसले होते. अडतीस वर्षं छापखान्यात शिशाचे उलट्या अक्षरांचे खिळे जुळवले, म्हणून सगळे त्यांना जुळारी म्हणत. लाखो पानं हाताखालून गेली, आणि आज बायकोच्या डोळ्याचं एक पान निघेना. तिचा उजवा डोळा गेलाच होता. या महिन्यात शस्त्रक्रिया झाली नाही तर डावाही जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

संगणक म्हणे, प्रिंटर सापडत नाही. प्रिंटर तर हातभर अंतरावर दिवा मिचकावत बसलेला. काकांनी त्याचं पोट उघडलं, रूळ पुसले, शाईची डबी हलवली, कागदाची चळत फुंकर मारून सारखी केली. बिघाड म्हणजे शाई, रूळ नाहीतर कागद. चौथं कारण त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यात दीड तास मातीत गेला.

"अहो, पोरीला फोन लावा," बायको म्हणाली.

"तिला काय कळतंय यंत्रातलं?"

"तुम्हाला किती कळतंय ते दिसतंय की मला. एका डोळ्यानं का होईना."

परगावी नोकरी करणाऱ्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, इंटरनेटचा डबा बदललाय का? कालच कंपनीचा माणूस बदलून गेला होता. संगणक नव्या डब्याला जोडलेला, प्रिंटर अजून जुन्यालाच शोधत होता. तिनं एकेक बटण सांगितलं, यांनी दाबलं. अकरा चाळीसला यंत्र खडखडलं आणि पानामागून पान ओकू लागलं. काकांनी चौदा वेळा हुकूम सोडला होता ना. पहिलंच पान ओढून ते चप्पल अडकवत धावले.

खिडकीवर पोचले तेव्हा बारा वाजून सहा मिनिटं झाली होती. कारकुनानं पानावरचा नंबर तेवढा संगणकात घातला आणि पान परत सरकवलं. मुदत संपली, जागा पुढच्याला गेली, आता चार महिन्यांनी या.

त्याच्या पाठीमागच्या काचेत संगणकाच्या पडद्याचं उलटं प्रतिबिंब पडलं होतं. उलटी अक्षरं वाचण्यातच काकांची हयात गेलेली. बायकोचं नाव, डावा डोळा, डॉक्टरांची सही, तारीख चार दिवसांपूर्वीची. अख्खा अर्ज तिथं होता.

"हे सगळं चार दिवस तुमच्याकडेच आहे," काका म्हणाले. "मग माझ्याकडे कागद कशाला मागितलात?"

"नियम आहे काका. सरका, मागं रांग आहे."

काकांनी दोन्ही हात खिडकीच्या फळीवर रोवले.

"रांगेलाही ऐकू दे. कशाला मागितलात, सांगा."