माहेरच्या नावाचा पासपोर्ट

मी पासपोर्ट बोलतोय. खरं तर समोरच्याचं नाव, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं विचारल्याशिवाय तोंड उघडायची माझी रीत नाही. पण आज तुम्हाला सूट देतो.

माझा जन्मच संशयापोटी झाला. माणूस सांगतो तोच तो असेल, यावर जगातल्या कुठल्याही सरकारचा विश्वास नसतो. म्हणून वॉर्सामध्ये मला घडवताना माझ्या कागदात बारीक दोरे घातले, उजेडाला धरल्यावरच दिसतील अशी चित्रं घातली, पोटात एक चिप बसवली. वर गडद लाल कव्हर आणि त्यावर मुकुट घातलेला सोनेरी गरुड. मग समुद्र ओलांडून मला ब्राझीलला, कुरितिबाच्या पोलिश वकिलातीत धाडलं. तिथे एका बाईनं सही करून मला ताब्यात घेतलं. आतल्या पानावर तिचं नाव होतं, लुत्सिना गोंदेक.

ती मला घेऊन अराउकारियाच्या बसमध्ये बसली. गावात उतरल्यावर जो तो तिला हाक मारत होता, "चेश्लाकबाई, बोर्श्टच्या सूपला बीट घेऊन जा!", "चेश्लाकबाई, मिरोला सांगा, शनिवारी दोन किलो सॉसेज ठेव!" गोंदेक कोणी म्हणेना. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ही बाई एक नाव घालून फिरते आणि दुसरं माझ्या पोटात ठेवते. का?

कारण हळूहळू कळलं. कपाटात चादरींखाली पडून राहिलं की घरातलं सगळं ऐकू येतं. लुत्सिना तरुणपणी पोलंडहून लोकनृत्याच्या चमूबरोबर आली होती. नाचायला नव्हे, नाचणाऱ्यांचे कपडे शिवायला. चमू परत गेला, ही राहिली. व्हाल्डोमिरो चेश्लाकशी, म्हणजे सॉसेजवाल्या मिरोशी, तिनं इथल्या चर्चमध्ये आणि इथल्या कचेरीत लग्न केलं. पोलंडच्या दप्तरी मात्र त्या लग्नाची नोंद कधी केलीच नाही. तिथल्या लेखी ती अजून लग्नाआधीची गोंदेक होती.

मिरोला हे माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि टोचणं वेगळं. नऊ वर्षांपूर्वी पोलंडमध्ये तिची आई वारली तेव्हा लुत्सिना मला घेऊन एकटीच पोलंडला गेली आणि आली. मिरोनं तेव्हा मला उघडूनही पाहिलं नाही. विमानतळावर तिची बॅग उचलताना म्हणाला, "बारीक झालीस. तिकडे जेवायला घालत नाहीत वाटतं?" बस्स.

मग माझी मुदत संपत आली आणि त्याच सुमारास पोलंडमध्ये लुत्सिनाची धाकटी बहीण स्तेफा विधवा झाली. रोज दुपारी फोन. लुत्सिना मागच्या ओसरीत जाऊन बोलायची, तेही भरभर. मिरोची पोलिश म्हणजे पोलंडहून जहाजातून इथे आलेल्या पणजोबांची, शेतात न् गोठ्यात चालणारी. बायकोच्या बोलण्यातले निम्मे शब्द त्याच्या डोक्यावरून जायचे. तो खिडकीशी उभा राहून नुसता "घर" आणि "एकटी" एवढं पकडायचा आणि त्यावरून उरलेलं रचायचा.

तेल ओतलं ते ओदाइरनं. ओदाइर गावातला फोटोवाला. हे मी नंतर, दुकानातल्या फळीवरून, त्या दोघांच्याच तोंडून ऐकलं.

"मिरो, बायको कुठे चालली रे?"

"कुठे म्हणजे? भाजी आणायला गेलीय."

"भाजी आणायला युरोपच्या मापाचा फोटो लागतो होय? परवा काढून गेली माझ्याकडून. हसू नका म्हटलं, तर म्हणे, हसतंय कोण!"

त्या दिवशी मिरोनं चादरी उपसल्या. मला काढलं, खिडकीशी नेलं आणि पहिल्यांदाच नीट वाचलं. गोंदेक या शब्दावर त्याचा अंगठा थांबला. अंगठ्याला धुराचा आणि लसणाचा वास होता. आता हा मला जाळतो की काय, अशी मला धास्ती वाटली. पण त्यानं मला शर्टात कोंबलं, घराच्याच पुढल्या खोलीतल्या दुकानात नेलं आणि सॉसेजच्या मसाल्याला लागणाऱ्या वाळलेल्या मरव्याच्या डब्यात खुपसलं.

चांगले पंधरा दिवस मी मरव्यात. मधली भिंत लाकडाची, त्यामुळे सगळं ऐकू येई. लुत्सिनानं कपाट उपसलं. ड्रॉवर उपसले. पलंगाखाली झाडू घातला. पण तोंडानं एक अक्षर नाही. तिला वाटायचं, विचारलं की हा सावध होईल. त्याला वाटायचं, ती विचारत नाही म्हणजे नक्कीच काहीतरी लपवतेय. सकाळी दोघं शिमराँव, म्हणजे इथला कडू हिरवा काढा, प्यायला बसायची. तुंबी एक, नळी एक, आधी तो मग ती, अशी वर्षानुवर्षांची पद्धत. त्या दिवसांत ती वेगळ्या कपात चहा घेऊ लागली.

"का गं, शिमराँव नको?"

"पोटाला मानवत नाही."

"आजवर मानवलं ते."

"आजवर पुष्कळ काही मानवलं."

नवा पासपोर्ट काढायला वकिलातीनं तिला सोमवारची वेळ दिली होती. रविवारी रात्री जेवताना तिनं सहज बोलावं तसं म्हटलं, "उद्या मी कुरितिबाला जातेय. पासपोर्ट सापडत नाही, तसं सांगावं लागेल. ते विचारतील, हरवला की चोरीला गेला?"

मिरोचा काटा बशीवर वाजला. "मग तू काय सांगशील?"

"अजून ठरवलं नाही."

सकाळी ती बसनं गेली. बस वळली तशी दुकानाची कडी वाजली, डब्याचं झाकण उडालं आणि मिरोनं मला झटकलं. पण मरवा शिवणीत शिरतो, सहजी निघत नाही. त्यानं एप्रनसुद्धा काढला नाही. सॉसेज पोचवायच्या गाडीत मला पुढल्या काचेशी टाकलं आणि निघाला. वाटेत स्वतःशीच बोलत होता, "चोर म्हणेल. सगळ्यांसमोर चोर म्हणेल. म्हणू दे. नाही, पण का म्हणू दे?"

वकिलातीच्या दारात लुत्सिना थांबलेली होती. आत गेलेली नव्हती. मिरोनं मला पुढे केलं.

"सापडला," तो म्हणाला.

"कुठे?"

"असाच. दुकानात."

"मरव्याच्या डब्यात," लुत्सिना म्हणाली.

मिरोनं एप्रनला हात पुसले.

"अरे, पंधरा दिवस सॉसेजमध्ये मरवा नाही. गिऱ्हाइकं मला रस्त्यात अडवून विचारतायत, मिरोला सर्दी झालीय का म्हणून. माझ्यासमोर डबा उघडायची तुला सोय नव्हती, एवढं कळत नाही मला?"

"मग काढून का नाही घेतलास?"

"तू आणून देतोस का, ते बघायचं होतं."

आत खिडकीपलीकडच्या तरुण बाईनं मला उघडलं, नाकाशी नेलं आणि भुवया उंचावल्या. लुत्सिनाची बोटं यंत्रावर ठेवून घेतली. फोटो जमला. मग तिनं विचारलं, "आडनाव तेच? पोलंडमधल्या नोंदीत तुमचं लग्न दिसत नाही, म्हणून विचारते. नोंद करून घ्यायची असेल तर ते काम वेगळं, कागद वेगळे."

"आज नको," लुत्सिना म्हणाली. "आडनाव तेच. गोंदेक."

मागे बाकावर मिरो एप्रन घालून बसला होता. ही पोलिश त्याला पूर्ण समजली.

परतीच्या वाटेवर मिरोनं गाडी हमरस्त्याला लावली. मग तो म्हणाला, "म्हणजे तुझ्या देशात मी कोणीच नाही."

"कागदावर नाहीस."

"मग कशावर आहे? आपण लग्न केलं ते काय इथल्यापुरतं होतं?"

लुत्सिना खिडकीबाहेर बघत होती. "आधी म्हटलं, वर्षभर बघू, जमलं तर नोंद करू. मग आळस केला."

"एवढ्या वर्षांचा आळस?"

"मग भीती म्हण. एक दार उघडं राहू दे असं वाटायचं. मी त्यातून गेले का कधी?"

"गेली नाहीस. पण आता फोटो काढून घेतलास."

यावर तिनं पर्स मांडीवर ओढून घेतली. मी तिच्या पर्समध्ये होतो आणि खरं सांगायचं तर मलाही तिचा भरवसा वाटेना. ज्या बाईनं इतकी वर्षं दोन नावं जपली, ती तिसरं काय जपून असेल कुणी सांगावं?

महिन्याभरानं नवा पासपोर्ट आला. दोघं मिळून आणायला गेली. खिडकीपलीकडच्या त्याच तरुण बाईनं कात्री घेतली आणि माझा कोपरा कापला. रद्द. दुखलं नाही, पण एकदम हलकं वाटलं, नोकरी सुटलेल्या माणसासारखं. लुत्सिनानं नवा पर्समध्ये ठेवला आणि मला मिरोच्या मांडीवर टाकलं. "हा घे. हा तुला, लपवायला."

मिरो हसला नाही. मला त्यानं जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि मी तिथेच राहिलो.

सप्टेंबरात ती गेली, तीन महिन्यांसाठी. परतीचं तिकीट तिनं टेबलावर उलगडून त्याला दाखवलं होतं. तो ओदाइरला म्हणाला, "परतीचं तिकीट काय, कोणीही काढतं. ते वापरायलाच हवं असा कायदा आहे का?"

आठवड्यातच त्यानं पुन्हा ड्रॉवर उपसले. या वेळी शोधत होता विजेची पावती, आणि सापडलं भलतंच. म्हणजे, सापडलं नाही. लग्नाचा दाखला ज्या पाकिटात असायचा ते पाकीट रिकामं होतं.

"घेऊन गेली," तो दुकानात ओदाइरला म्हणाला. आवाज असा की जणू गल्ला फुटलाय. "दाखलाच घेऊन गेली. कशाला लागतो तिथे? सांग ना."

ओदाइरनं टोपी मागे सारली. "घटस्फोटाला दाखला लागतो म्हणतात. माझ्या मेव्हण्याला लागला होता. मिरो, तू वकील गाठ."

मिरोनं वकील गाठला नाही. फोनवर मात्र तो तुटक बोलू लागला. ती विचारी, जेवलास का? तो म्हणे, हो. थंडी कमी झाली का? हो. तिच्या आवाजातही मग खरखर येऊ लागली. "तुझ्या शेजारी कोणी बसलंय का?" ती एकदा म्हणाली. "असा का बोलतोस, पोलिसांना जबाब दिल्यासारखा?"

"तूच सांग, जबाब कोणी द्यायचा," म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुकान बंद केलं की तो मला काढायचा. त्याची नजर माझ्या नावाच्या ओळीवर जायची आणि मग फोटोवर. फोटोतली लुत्सिना दहा वर्षांनी तरुण, ओठ मिटलेले, सरकारी चेहऱ्याची. तो तिच्याकडे असा बघायचा, जसा सीमेवरचा अधिकारी बघतो. ही तीच का?

आणि मग एका सकाळी, दुकानात गिऱ्हाईक असतानाच, फोन आला. मिरोनं हात पुसून तो कानाला लावला. मी खिशात, हृदयाला लागूनच होतो. पलीकडचा आवाजही तिथे ऐकू येत होता.

"मिरो, पटकन सांग. तुझ्या आईचं माहेरचं आडनाव काय?"

"का?"

"सांग ना, माणसं खोळंबलीत माझ्यामागे."

"कुठली माणसं? कुठे आहेस तू? कसल्या कागदावर सही करतेयस?"

"अरे देवा, नोंदणी कचेरीत आहे, नोव्ही सॉन्चला! आपल्या लग्नाची नोंद करतेय, गाढवा! दाखल्यात तुझ्या आईचं माहेरचं नाव नाही, ते विचारतायत."

मिरोनं सुरी ठेवली. गिऱ्हाईक बाई काउंटरवर वाकून ऐकू लागली.

"ओल्शेव्स्की," तो म्हणाला. मग तिला लिहून घेता यावं म्हणून पुन्हा म्हणाला, "ओल्शेव्स्की. रोझालिया ओल्शेव्स्की. सी-एच घालून."

"इथे तसं लिहीत नाहीत. एस-झेड घालतात. आणि बाईच्या आडनावाचा शेवट 'स्की' नाही, 'स्का' होतो."

"आमच्याकडे तसंच लिहितात! इथल्या कारकुनानं लिहिलं ते लिहिलं. आईच्या कबरीवरही तसंच आहे. बदलशील तर याद राख!"

पलीकडे ती कुणाशी तरी बोलली, हसण्याचा आवाज आला. मग ती परत फोनवर आली. "बरं, तसंच लिहिते. आणि ऐक, हे विचारतायत, लग्नानंतर आडनाव कुठलं. मी गोंदेकच सांगितलंय."

गिऱ्हाईक बाईनं श्वास रोखला.

"म्हणजे माझं नाही," तो म्हणाला.

"तुझं नाव नवरा म्हणून लागलंय ना? ते आता खोडता येत नाही. माझं माझ्याजवळ राहू दे."

त्यानं फडक्यानं काउंटर पुसला. मग म्हणाला, "दाखला नेतेय, हे सांगून का नाही गेलीस?"

"झालं नसतं तर? इथेही अर्ज नाकारतात रे. आणि तू मला सांगून डबा उघडला होतास का?"

फोन ठेवल्यावर गिऱ्हाईक बाई म्हणाली, "अभिनंदन हो!" मिरोनं तिला अर्ध्या किलोऐवजी किलोभर सॉसेज बांधून दिलं आणि पैसे घ्यायला विसरला.

पण तो मिरो आहे. दुपारी त्यानं स्तेफाला फोन लावलाच. पणजोबांच्या पोलिशमध्ये विचारलं, तुझी बहीण खरंच कचेरीत गेली होती का? स्तेफा आधी खो खो हसली. "मिरो, तुझं बोलणं ऐकून माझी आजी गोठ्यातून बोलतेय असं वाटलं! अरे, मी शेजारीच उभी होते. तिनं सही केली आणि बाहेर येऊन पायरीवर बसून रडली. का रडली, मला विचारू नकोस. तुम्हा दोघांचं मला कधीच कळलं नाही."

आता ती डिसेंबरात येईल. मिरो म्हणतो, आल्यावर बघू. अजून तिकिटाची तारीख तो स्वतः दोनदा ताडून बघतो.

मी मात्र कुणाला कुठे नेण्याच्या कामाचा उरलो नाही. कोपरा कापलेला, शिवणीत मरव्याचे कण, आत असं नाव जे ती आता मुद्दाम राखते, आळसानं नव्हे. मिरो, तुला एकच विनंती. रोज संध्याकाळी मला उघडून बघायचं तर खुशाल बघ, पण आधी हात धूत जा. तिच्या गालावर चरबीचा डाग पडलाय.