वाट्याने दिलेला पंप

आबांनी पेट्रोल पंप वाट्याने दिलाय, हे मला कळलं ते कंपनीचे साहेब तपासणीला येणार त्या सकाळी. शेत देतात तसा. गावातला जयसिंग पंप चालवणार, नफा निम्मा-निम्मा, आणि आबा, म्हणजे माझे सासरे, फक्त सह्या करणार.

"आबा, करारात स्पष्ट आहे. डीलरने स्वतः चालवायचा. नाहीतर डीलरशिप जाते."

"जाऊन जातीय कुठं? जमीन आपली हाय."

जमीन आपली, पण कंपनीला दीर्घ मुदतीने भाड्याने दिलेली. दिग्विजयला, नवऱ्याला, ऑफिसात फोन केला. खराडीच्या त्या काचेच्या इमारतीतून तो म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे, तू बघ ना." बघतेच आहे. एक डोळा टँकरवर, एक कडेवरच्या समर्थवर.

मी आबांना पढवलं. विचारलं तर सांगायचं, पंप मी चालवतो, जयसिंग पगारी. त्यांनी मान डोलावली.

साहेबांनी मापं तपासली. चोख निघाली. मग सहज विचारलं, "रोजचं कोण बघतं?"

"जयसिंग. निम्म्या वाट्यानं. लई चोख माणूस."

मी डोळे मिटले.

"पण काका, डीलर तुम्ही आहात."

"मग? शेताचा मालक काय सोता नांगर धरतो?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "डीलरशिप रद्द झाली तरी जमिनीचा भाडेकरार चालूच राहतो. कंपनी इथे दुसरा डीलर बसवेल."

"माझ्या जमिनीत?"

"भाडं मिळेल की तुम्हाला." ते माझ्याकडे वळले. "नोटीस येईल, लेखी खुलासा द्या. आणि घरचं कुणीतरी इथे बसलेलं दिसू द्या."

"बरं," आबा म्हणाले. "आता जेवून जा."

साहेब थांबले नाहीत. पंपाचं राहिलं बाजूला, पाहुणा उपाशी गेला म्हणून आबा पुटपुटत बसले.

मी समर्थला केबिनमधल्या टेबलावर बसवलं आणि खुर्ची ओढली.

"वहिनी, मग मी कुठं बसू?" जयसिंग दारातून म्हणाला.

"बाहेर. पगारावर. गल्ल्याची किल्ली द्या."

"आबांनी शब्द दिलाय."

"मग तुम्ही दोघं मिळून शब्द सांभाळा. पंप मी सांभाळते."

किल्ली त्याने दिली, पण आबांच्या हातात. आबांनी ती बराच वेळ चाचपली आणि समर्थच्या मुठीत ठेवली.

"आईला दे."

आधी ती त्याच्या तोंडातून काढावी लागली.