सुईसम्राटाचे हातमोजे

मी एका खेळात शिवणकाम शिकत होतो, आणि माझ्याच घरात एकतीस वर्षं शिवणकाम केलेली बाई बसलेली होती. हे आधीच सांगून टाकतो, पुढे जीभ अडखळेल.

खेळ कॉम्प्युटरवरचा. किल्ले, राक्षस, जादू आणि कुठून कुठून आलेली रिकामटेकडी माणसं. त्यात माझं नाव सुईसम्राट. दिवसा मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभा राहून लोकांना "खालची ओळ वाचा" म्हणतो. तिथे मला कोणी सम्राट म्हणत नाही. खेळात लढणारे पैशाला पासरी, पण कपडे शिवणारे थोडे. शिवणकामाचे तीनशे गुण झाले की 'उस्ताद' ही पदवी मिळते. आमच्या टोळीच्या सरदाराने जाहीर केलं होतं, रविवारी सकाळी टोळीचा कारखानदार, म्हणजे शिवणकामाचा प्रमुख, नेमणार आणि तो उस्तादच असणार. माझे गुण दोनशे साठ होते. बोका नावाचा एक गडी दोनशे सत्तरवर होता. चौतीस वर्षांत मला कोणी कसलंही पद दिलेलं नव्हतं, म्हणून हे हवंच होतं. हसा खुशाल.

गुण वाढवायची रीत सोपी. जाड कापडाचे हातमोजे शिवायचे. बटण दाबायचं, हिरवी पट्टी भरेपर्यंत थांबायचं, की हातमोजे तयार. अशा चार जोड्यांमागे एक गुण. मग ते मोडायचे, म्हणजे निम्मं कापड परत मिळतं. त्यातून पुन्हा हातमोजे. डोकं लागत नाही, वेळ लागतो. आणि वेळ आईकडे होता.

आई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलर लावायची. आता निवृत्त आहे, गुडघ्यांमुळे घरातच असते. तिथल्या मालकाची ती झकास नक्कल करते. कोणी पाहुणा आला आणि आईने लावलेली कॉलर चाचपून "वा!" म्हणाला, की मालक पोट पुढे काढून म्हणायचा, "आमच्याकडे काम असंच असतं." आई शेजारीच उभी असायची. तिचं नाव त्याला कधी आठवलं नाही, तो तिला 'कॉलरवाली' म्हणायचा. "आयत्या बिळावर नागोबा मेला," असं म्हणून आई हसते. मीही लहानपणापासून हसत आलोय.

सोमवारी तिला खुर्चीत बसवलं.

"दाब, थांब, दाब. दहा झाले की सगळे मोड."

"कोण घालतं रे हे?"

"कोणी नाही. गुणांसाठी असतात."

तिने पदराने चष्मा पुसला आणि मशीनवर बसावं तशी ताठ बसली.

बुधवारी संध्याकाळी येऊन पाहतो तर गुण दोनशे ब्याऐंशी आणि कापडाची पेटी रिकामी. डाकूंशी मारामारी करून दोन महिने जमवलेलं कापड होतं ते.

"आई, मोडलेस ना?"

"पहिल्या दिवशी मोडले. मग जिवावर आलं बाई. त्या वेशीपाशी नवी माणसं येतात बघ, फाटक्या कपड्यांत, हात उघडे. त्यांच्यावर टिचकी मारली की वस्तू देता येते, माझं मलाच कळलं! एक जण तर उड्याच मारायला लागला." तिचा चेहरा फुलला होता. दिवसभर हेच सांगायला थांबली असावी.

"तुला साधं एक बटण दाबता येत नाही?" मी ओरडलो. "अक्कल गहाण टाकलीस का? रविवार चार दिवसांवर आलाय!"

"अरे, शिवण चुकली तर उसवावी. चांगली उसवायची म्हणजे..."

"कसली शिवण? चित्र आहे ते! तू काही शिवलेलं नाहीस. तिथे तुझं काही नाही, कळलं?"

तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "बरं. तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली. मला जन्मात कधी तिने अहोजाहो केलं नव्हतं. रागाच्या भरात मला तेही ऐकू आलं नाही.

रोज कामावरून आलो की मी डाकूंना झोडपून कापड आणायचो. गुरुवार, शुक्रवार, शनिवार आईने दिवसभर शिवलं आणि शिवलेलं सगळं मोडलं. शनिवारी संध्याकाळी पडद्यावर सोनेरी अक्षरं आली: उस्ताद. मला आकाश ठेंगणं झालं. मग कळलं, बोका तासभर आधीच उस्ताद झाला होता.

रविवारी सकाळी टोळीची सभा. मी स्पीकर मोठा केला आणि आईला शेजारी बसवलं.

सरदार म्हणाला, "बोका आधी पोचला, मान्य. पण कारखानदार सुईसम्राट."

बोका चिडून काहीतरी बोलला.

"ऐक. वेशीवर जा आणि बघ. साठेक नवख्यांच्या हातात हातमोजे आहेत, प्रत्येकावर कारागिराचं नाव आहे, सुईसम्राट. आपण सगळे मोडून गुण करतो. हा मागे पडला तरी वाटत बसला. असा माणूस पाहिजे. बोल रे, कसं सुचलं तुला?"

आई खुर्चीत थोडी पुढे सरकली. 'माझ्या आईला सुचलं.' तीन शब्दांचं काम होतं.

"अहो, त्यात काय एवढं," मी म्हणालो. "आमच्याकडे काम असंच असतं."

बोलून झालं आणि मग ते मला ऐकू आलं. सूरसुद्धा तोच, पोट पुढे काढलेला. आईकडे बघायचा धीर होईना. माइक चालूच होता, अजूनही सांगता आलं असतं. टाळ्या वाजत होत्या. मी "आभारी आहे" म्हटलं आणि माइक बंद केला. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती, आणि तरी मी तो बंदच ठेवला.

"छान झालं," आई म्हणाली. गुडघ्यावर हात ठेवून उठू लागली.

तेवढ्यात पडद्यावर एक नवखा धावत आला. त्याने लिहिलं, "दादा, माझ्या मित्राला तुम्ही हातमोजे दिले होते. मला मिळतील?"

"आई, थांब," मी म्हणालो. "दे ना त्याला. तुझ्या हाताने दे."

"एकही उरला नाही रे. सगळे मोडले. तू सांगितलंस ना."

"मग एक जोडी शिव. कापड आहे थोडं."

"तूच शिव. उस्ताद ना तू."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर भांडून मोकळा झालो असतो. ती भिंतीला धरत आत गेली आणि भांडी आवरायला लागली.

मी बटण दाबलं. हिरवी पट्टी भरली. हातमोजे तयार झाले, त्यांच्यावर माझं नाव आलं. मी ते नवख्याला दिले. तो उड्या मारायला लागला. ते बघायला खोलीत मी एकटाच होतो.