दोन छटा उजळ

"हिच्या हनुवटीखाली तीळ होता," भिंतीवरच्या एका मुखपृष्ठाकडे बोट दाखवत टचिंगबाई म्हणाल्या. "चांगला वाटाण्याएवढा."

भाचीने इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल ना गं, मावशी. आज पाहुणी आहेस तू इथं."

प्रदर्शनाच्या दालनात चारही भिंतींवर बायकांच्या मासिकाची जुनी मुखपृष्ठं टांगली होती. काचेआड, प्रत्येकावर वेगळा दिवा. कुणी फूल हुंगतेय, कुणी लोकर विणतेय, कुणी बाळाला कडेवर घेऊन हसतेय. मधल्या टेबलावर हेच चेहरे पिशव्यांवर, कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर छापून विकायला ठेवले होते. एक गृहस्थ उशी पोटाशी धरून बायकोला सांगत होते, "बघ, काय सोज्वळ चेहरे असायचे तेव्हा! आता कुठं राहिलंय असलं काही?"

टचिंगबाईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

तीस वर्षं त्या मासिकाच्या कचेरीत त्यांनी एकच काम केलं होतं. छायाचित्रकार फोटो आणून द्यायचा आणि त्या बारीक ब्रशाने त्यातली बाई साफ करायच्या. देवीचे व्रण, गळ्याच्या वळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, पांढरे केस. ब्रशाला टोक यावं म्हणून तो जिभेवर ओला करायचा. त्यामुळे घरी जेवताना घासाघासाला रंगाची चव लागायची. या कामाला कचेरीत टचिंग म्हणत, म्हणून त्या टचिंगबाई; खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं.

मासिक बायकांचं, पण संपादक पुरुष. वाचकांच्या पत्रांना ते 'माई' या नावाने उत्तरं लिहीत. चहाच्या वेळी ती पत्रं नाकात बोलून, रडक्या आवाजात वाचून दाखवत. नवरा मारतो असं कुणी लिहिलं, की माई सल्ला द्यायची, 'घरात सदैव प्रसन्न राहा.' कचेरी पोट धरून हसायची. टचिंगबाईही हसायच्या. संपादकांची किळस त्यांना तेव्हाही यायची. आज इथं उभं राहून त्यांना स्वतःच्या त्या हसण्याची शिसारी येत होती.

"मावशी, हे बघ केवढं मोठं केलंय!" भाची म्हणाली.

समोरच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचं मुखपृष्ठ होतं. 'कष्टकरी स्त्री विशेषांक'. पांढऱ्या टोपीतली गोरीपान नर्स, मोत्यासारखे दात, गालावर गुलाबी झाक. प्रदर्शनाच्या निमंत्रणावरही हाच चेहरा होता.

टचिंगबाई तिथंच खिळल्या.

त्या अंकासाठी वाचकांकडून फोटो मागवले होते. त्यातून ही नर्स निवडली गेली. सावळी, रात्रपाळी करून डोळे ओढलेले, समोरच्या दातांत फट. तरी हसू असं, की बघणाऱ्यालाही हसू यावं. संपादकांनी फोटो टेबलावर टाकला. "दोन छटा उजळ करा. आणि ती फट बुजवा, खिडकी उघडी राहिल्यासारखी वाटतेय."

टचिंगबाईंनी दोन दिवस खपून काम केलं. इतकं सफाईदार, की संपादकांनी पाठ थोपटली.

अंक निघाल्यावर चौथ्या दिवशी नर्स कचेरीत आली. सोबत वडील होते, गॅरेजात काम करणारे. हाताला वंगणाचा वास, काखेत दहा अंक.

"शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, साहेब," वडील म्हणाले. "आता लोक विचारतात, यात पोरगी कुठाय? तिच्या आईनंही ओळखलं नाही हो."

"अहो बाबा, पोरगी सुंदर दिसली याचं वाईट वाटतंय होय तुम्हाला?" संपादक हसले.

"सुंदर दिसतेय. पण माझी दिसत नाहीये."

नर्स टचिंगबाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ब्रश, रंगाच्या वड्या, भिंग, सगळं तिने निरखून पाहिलं.

"तुम्ही केलंत हे?"

"सांगतात तसं करते मी."

"पण तुम्ही तर माझ्याहून सावळ्या आहात," ती म्हणाली. रागाने नाही, खरोखरच कोडं पडल्यासारखी.

वडिलांनी दहाही अंक टेबलावर ठेवले आणि दोघं निघून गेली. संपादकांनी शिपायाला सांगितलं, "कोरे आहेत रे. परत विक्रीला पाठव." टचिंगबाईंनी पुढचा फोटो दिव्याखाली ओढला. त्यानंतर एकोणीस वर्षं त्या ओढतच राहिल्या.

"आणि आता," संयोजक बाईंचा आवाज ध्वनिक्षेपकावरून घुमला, "या जादूमागचे हात आपल्याशी बोलतील!"

भाचीने कोपराला धरून त्यांना पुढे नेलं. माईक हातात आला.

"हा चेहरा खोटा आहे," टचिंगबाई म्हणाल्या. "ही मुलगी सावळी होती. दातांत फट होती. तिचे वडील अंक परत करायला आले होते. मी तिला पुसून टाकलं. अशा कितीतरी जणींना पुसलं. मला लाज वाटते."

मग कुणीतरी टाळी वाजवली.

"किती हा विनय!" संयोजक बाई गहिवरल्या. "कम्प्युटर नाही, काही नाही, नुसत्या ब्रशाने! याला म्हणतात कसब!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. उशीवाले गृहस्थ तर उशी काखेत मारून, हात उंच करून वाजवत होते. टचिंगबाईंनी माईक टेबलावर ठेवला. त्या भाचीलाही न सांगता सरळ बाहेर व्हरांड्यात आल्या.

मागून पस्तिशीची एक बाई आली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. "काकू, एक फोटो काढू तुमच्याबरोबर?"

उत्तराची वाट न बघता तिने फोन समोर धरला. "अय्या, काय गोड आलात!"

पडद्यावर दोन चेहरे होते, सोललेल्या अंड्यांसारखे. टचिंगबाईंच्या कपाळावर एक रेघ उरली नव्हती.

"हे कुणी केलं?"

"कुणी नाही. फोन आपोआप करतो."

"काढ ते. परत घे फोटो."

बाई ओशाळली. "तसा घेतला तर मी फार काळी दिसते हो, काकू."

"किती काळी दिसतेस, बघू दे मला."

बाईने फोनमध्ये काहीतरी बदललं आणि पुन्हा फोटो काढला. डोळ्यांखाली थकवा, गालावर जुना डाग. शेजारी टचिंगबाईंचा सुरकुतलेला, न हसणारा चेहरा.

"पुसू का?" बाईने हळूच विचारलं.

"तुझं तू ठरव."

तिने फोटो कुणाला पाठवला नाही, पुसलाही नाही. फोन पर्समध्ये ठेवून तिने चेन लावली. मग टचिंगबाईंचा हात धरून त्यांना एकेक पायरी उतरवून दिली.