दांडीवरचा पाव

किर्सीच्या वडिलांनी हिरवट औषध गालांत घोळवलं, बेसिनमध्ये थुंकून टाकलं आणि दिव्याची पट्टी दातांत धरली. ओठांच्या फटीतून उजेड झिरपू लागला. औषधाचा रंग जंतूंना चिकटतो आणि उजेड पडला की ते मरतात, असं फिनलंडमधल्या कुओपिओ शहराच्या दवाखान्यात दंतवैद्य हेल्मीने समजावलं होतं.

"पण वसंतापर्यंत हिरड्यांतलं रक्त थांबलं नाही, तर सगळे दात काढायचे," ती म्हणाली होती. "कवळी काही वाईट नसते, टाउनो. पाव कॉफीत बुडवून खा."

"लेंपीचा पाव?" वडील म्हणाले होते. "तो काय बिस्किट आहे?"

तो पाव समोरच होता. स्वयंपाकघरात छताखालच्या दांडीत मधोमध भोक असलेले काळे, गोल पाव ओवलेले होते. हिवाळ्याची बेगमी म्हणून आईने, लेंपीने, ते शरदात भाजले आणि पहिल्या बर्फाआधीच ती गेली. पाव लाकडासारखे कडक झाले. वडील रोज तुकडा मोडून कोरडाच चावत. किर्सी स्वतःपुरता दुकानातला मऊ पाव आणायची.

"हेल्मी म्हणते, मी तुमच्या हट्टाला खतपाणी घालते," किर्सी म्हणाली.

पट्टी तोंडात असल्याने त्यांनी नुसती मान डोलावली.

"आणि ब्रश? नुसत्या दिव्याने भागत नाही."

वडिलांनी खिशातून दातांच्या फटींचा बारीक ब्रश काढून टेबलावर आपटला.

तळ्यावरचा बर्फ फुटायला लागला तेव्हा हेल्मीने एकेक हिरडी टोचून पाहिली. कापूस पांढराच राहिला.

"ही मागची दाढ काढू. बाकीचे राहू देत," ती म्हणाली. "जिंकला म्हातारा."

"म्हातारा कोण गं?"

घरी आल्यावर वडील स्टुलावर चढले. दांडीत एकच पाव उरला होता. किर्सीने त्यांच्यापुढे ताटली ठेवली आणि आपला मऊ पाव काढायला वळली.

"इकडे ये," वडील म्हणाले. त्यांनी पाव गुडघ्यावर दाबून मोडला आणि अर्धा तिच्यासमोर धरला. "तू अजून एकदाही खाल्ला नाहीस. दात तर धड आहेत ना तुझे?"

तिने तुकडा हातात घेतला. मग तिचा हात कॉफीच्या कपाकडे गेला.

वडिलांनी कप उचलून पलीकडे ठेवला.

तिने डोळे मिटले आणि जोर लावून चावा घेतला.