पुढची जाऊ, मागची जाऊ

आमच्या घरात दोन सुना. थोरली पुढे चालते, धाकटी मागे. हे मी मानपानाबद्दल सांगत नाही, धंद्याबद्दल सांगतेय. बंदरावर उतरणाऱ्या पाहुण्यांना आम्ही जुनं शहर पायी फिरवतो. थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या ताई, छत्री उंच धरून पुढे बोलत जातात आणि मी शेपूट. रेंगाळणाऱ्यांना हाकायचं, कुणाची चप्पल तुटली तर बघायचं, गल्ली संपली की डोकी मोजायची. सासूबाईंनी धंदा आमच्या हवाली केला तेव्हाच ही वाटणी झाली. ‘हिला मांडता येत नाही,’ असं ताई तेव्हा म्हणाल्या आणि मी मूग गिळून गप्प बसले. ते मूग मला अजून पचलेले नाहीत.

तर यंदा हंगामाच्या तोंडावर एका मोठ्या जहाज कंपनीची अधिकारी बाई आमची फेरी बघायला येणार होती. तिला पसंत पडलं की जहाजाचे सगळे प्रवासी हंगामभर आमचे. ताईंच्या बोलण्याची ख्याती ऐकूनच ती येत होती. आणि नेमक्या त्याच सकाळी ताईंचा घसा बसला. तोंड उघडलं की नुसती हवा.

“पुढच्या आठवड्यात या म्हणून कळवू,” ताई कुजबुजल्या.

“पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या कुणाकडे जाईल. मी पुढे होते, तुम्ही मागे या.”

“तुला सनावळ्या तरी पाठ आहेत का?”

“नाहीत. आणि मी त्या सांगणारही नाहीये.”

आमच्या ह्यांना तेवढ्यात पाण्याच्या बाटल्या भरायचं फार तातडीचं काम आठवलं. दोन जावांच्या मध्ये न पडण्याइतकी अक्कल त्यांना देवाने दिलेली आहे.

मी छत्री घेतली आणि निघाले. भीती वाटली का, तर नाही. मागे चालणाऱ्याला एक गोष्ट कळते, जी पुढच्याला कधीच कळत नाही: माणसं कुठे कंटाळतात आणि कुठून हलत नाहीत. घड्याळाच्या मनोऱ्याखाली ताई भरपूर बोलतात आणि पाहुणे एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत उभे असतात. मी तिथे मनोरा कुणी बांधला तेवढं सांगितलं आणि पुढे निघाले. मागून ताई बोटांनी वर्षं दाखवत होत्या. मी आकाशातले पक्षी बघितले.

मनोऱ्यामागे शिडं शिवणाऱ्या म्हाताऱ्याचं दुकान आहे. आजवर तिथून मी पाहुण्यांना अक्षरशः ओढून काढलंय. आज मीच थांबले.

“काय बाई, आज हाकत नाहीस?” म्हातारा म्हणाला.

“आज आम्ही बसणार आहोत.”

त्याने जाड कापडातून सुई कशी ढकलायची ते दाखवलं. पाहुण्यांनी आळीपाळीने ढकलून बघितली. जहाजवाल्या बाईनेही बघितली आणि स्वतःचा वाकडातिकडा टाका बघून ती खुदकन हसली. ताई दाराशी तोंड पाडून उभ्या होत्या. घसा शाबूत असता तर मला तिथेच झापलं असतं.

मग ती उताराची अरुंद गल्ली आली, जिच्या टोकाला समुद्र दिसतो. इथे ताई नेहमी पाहुण्यांकडे तोंड करून खिडक्यांच्या नक्षीबद्दल बोलतात. मी भिंतीला टेकले आणि सांगितलं, “आता मी काही बोलणार नाही. समोर बघा.”

दुपारची मोठी बोट बंदरातून सुटली होती. गल्लीच्या तोंडाशी दोन घरांमधली ती चिंचोळी फट एकदम पांढरी झाली. मग तिच्यातून खिडक्याच खिडक्या सरकू लागल्या, एका मजल्यावर दुसरा मजला. बघता बघता असं वाटायला लागतं की बोट जागेवरच आहे आणि घरंच चालू पडलीत. एका पाहुण्याने खरोखरच शेजारच्या दाराची कडी धरली.

खाली धक्क्यावर पोचल्यावर सवयीने डोकी मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. पाहुणे सगळे होते, अधिकारी बाई होती. मग लक्षात आलं.

“कुणी हरवलं का?” बाईने विचारलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

“पाहुणे सगळे आहेत. आमची मागची बाई हरवली.”

सगळे हसले. मी गल्ली चढायला लागले, बाई माझ्यामागून आली. अर्ध्या चढावर ताई पायाशी बाटल्यांची पिशवी ठेवून समुद्राकडे बघत उभ्या होत्या. बोट केव्हाच गेली होती.

“हे रोज असतं?” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

“रोज. तुमची पाठ असते तिकडे.”

त्यांचे डोळे भरून आले. खरं तर त्यांना सुनवायला मी चांगली चार वाक्यं जुळवून ठेवली होती, पण त्यांचा चेहरा बघून ती बोलावीशी वाटेनात. मला वाईट वाटलं. ज्या गल्लीत हिने जन्म घालवला, ती गल्ली हिने पाहिलेलीच नव्हती.

अधिकारी बाई जरा घुटमळली, मग ताईंना म्हणाली, “काम तुम्हालाच देतेय. पण आम्ही तुमचं नाव ऐकून आलो होतो. घसा बरा झाला की पुढे तुम्हीच असाल ना?”

मला पुढे राहायचं होतं. त्या दिवसापुरतं नाही, कायमचं. पण मागून घेतलेलं मला नको होतं.

ताईंनी पिशवी उचलून खांद्याला लावली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “पुढे हीच. माझं शहर बघायचं राहिलंय.”