चमत्काराला चार पायऱ्या

लोरीननं किराण्याची कागदी पिशवी मालिनीच्या टेबलावर उपडी केली. आतून अर्लचा पायाचा ब्रेस पडला.

"याचं आता काम नाही," ती म्हणाली. "रविवारी प्रभूनं त्यांना बरं केलं. साऱ्या टेनेसीनं टीव्हीवर पाहिलं. तुम्ही नाही पाहिलंत?"

मालिनी सबनीस असले कार्यक्रम बघत नसे. गावातल्या छोट्या हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट होती आणि लोरीनचा नवरा अर्ल, निवृत्त ट्रक ड्रायव्हर, तिचा पेशंट. अर्धांगवायूनं डावी बाजू गेली तेव्हा त्याला कुशीवरही वळता येत नव्हतं. तेव्हापासून मालिनीनं त्याला वळवलं, बसवलं, उभं केलं, दरडावलं, त्याच्या शिव्याही खाल्ल्या. आता ब्रेस बांधून, काठी टेकत तो पार्किंगपर्यंत जाई. आणि या चर्चवाल्यांनी काय करावं? आपल्या पायांनी आलेल्या माणसाला दारातच व्हीलचेअरवर बसवलं, ढकलत स्टेजपुढे नेलं, आणि टीव्हीवर प्रवचनं झोडणाऱ्या ब्रदर ड्वेननं त्याच्या कपाळावर पंजा मारून हुकूम सोडला, ऊठ! अर्ल उठला. उठणारच की मेला! महिनोन् महिने दुसरं केलं काय होतं त्यानं?

"अख्खा हॉल रडत होता," लोरीन म्हणाली.

"लोरीन, ब्रेस नसला की त्यांचं पाऊल लोंबतं. अडखळून पडतील. खुबा मोडेल."

"म्हणजे प्रभू खोटा, असं म्हणायचंय तुम्हाला?"

मालिनीनं ब्रेस खणात टाकला.

चौऱ्याऐंशी साल, निवडणुकीचा हंगाम. गावातला एक मोटारविक्या अमेरिकन काँग्रेसच्या जागेसाठी उभा होता. आदल्या वर्षापर्यंत चर्चची पायरी न चढलेला हा गडी आता जेवणातल्या मिठासारखा प्रत्येक वाक्यात जीझस घालत होता. शनिवारी शाळेच्या मैदानावर त्याची सभा होती. ब्रदर ड्वेन त्याच्यासाठी प्रार्थना करणार होता आणि अर्ल स्टेजवर चढून मतदारांना दर्शन देणार होता. बिनब्रेसचा, बिनकाठीचा. देव कोणाच्या पार्टीत आहे त्याचा चालताबोलता पुरावा!

"लेट इट गो, मालिनी," तिचा नवरा चंद्रशेखर म्हणाला. "स्मॉल टाउन आहे. कोणी कंप्लेंट केली तर जॉबवर येईल. आणि आपल्याकडे काय कमी बुवा आहेत?"

"आहेत ना, पैशाला पासरी. म्हणून तर याचा वास लगेच आला मला."

मालिनी मिरजेची. तिथल्या मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सा तिनं लहानपणी पाहिल्या होत्या. सकाळी प्रार्थना म्हणत आणि मग दिवसभर परक्यांच्या जखमा धूत. त्यांच्या देवापुढे तिनं खुशाल मान लववली असती. पण हा पावडर लावून घाम टिपणारा, मोटारविक्याला मतं मिळवून देणारा देव! तिला त्याची शिसारी आली.

शुक्रवारी ती अर्लच्या घरी गेली. तो एकटाच पोर्चवर बसला होता.

"उद्या जाऊ नका. निदान ब्रेस घालून जा."

"ब्रेस दिसला तर ते मला वर घेणार नाहीत, मिस मालिनी."

"मग नका जाऊ वर! तुम्ही काय सर्कशीतलं अस्वल आहात?"

अर्ल अर्ध्या तोंडानं हसला. "जन्मभर ट्रक हाकला. लोकांचे सोफे पोचवले, कोंबड्या पोचवल्या. कुत्र्यानं विचारलं नाही मला. त्या दिवशी मी उठलो तर सगळा हॉल उठला. टेक्सासहून पोराचा फोन आला. रडत होता. किती वर्षांनी बोलला तो माझ्याशी."

मालिनीचा राग तिथंच अडला. या माणसावर कसलं रागवायचं?

"स्टेजला पायऱ्या किती आहेत?" तिनं विचारलं.

"चार."

"कठडा?"

"नाही."

"उठा."

पोर्चच्या पायऱ्यांवर तिनं त्याला दुपारभर घोटवलं. चढताना चांगला पाय आधी. उतरताना लुळा पाय आधी. नजर पायाशी. कोणी हात धरू लागलं तर धरू द्यायचा नाही. आपण लबाडीला हातभार लावतोय हे तिला कळत होतं. पण खुबा मोडण्यापेक्षा ते बरं.

शनिवारी ती पायऱ्यांजवळच उभी राहिली. बँड, फुगे, झेंडे, हॉट डॉगची गाडी, शेजारी बायबलचं टेबल. जत्राच ती, फक्त नवस मतपेटीत फेडायचा. अर्ल चढला. चांगला पाय, लुळा पाय. त्याचे ओठ हलत होते. "प्रार्थना म्हणतोय बिचारा," मागची बाई म्हणाली. वर उमेदवारानं त्याला मिठी मारली आणि फोटोवाले तुटून पडले.

उतरताना ब्रदर ड्वेननं त्याचा हात पकडला. "खाली काय बघतोस, बंधू? वर बघ, वर!"

"अर्ल, पायाकडे बघा!" मालिनी ओरडली, पण बँडपुढे तिचं कोण ऐकतंय? अर्लनं वर बघितलं. लोंबतं पाऊल पायरीला अडकलं. मालिनी झेपावली, तर हाती आली नुसती अर्लच्या कोटाची बाही.

ब्रदर ड्वेननं झटकन माइक तोंडाशी नेला. "सैतानाला आपली सभा बघवत नाही!" लोकांनी आमेन म्हटलं. ॲम्ब्युलन्स येईतो उमेदवाराचं भाषण रंगातही आलं होतं.

खुबाच मोडला. ऑपरेशन झाल्यावर मालिनी अर्लच्या खोलीत गेली, तेव्हा लोरीन खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. ब्रदर ड्वेन फिरकला नव्हता. त्यानं निरोप तेवढा धाडला होता, की श्रद्धा डळमळली की असं होतं. मालिनीनं येता येता मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आता तरी अर्लचे डोळे उघडले असतील, असं तिला वाटत होतं.

"मिस मालिनी," अर्ल हळूच म्हणाला, "लोरीनला सांगू नका. ब्रदर ड्वेन म्हणतात ते खरं आहे. चढताना मी प्रार्थना करतच नव्हतो. चांगला पाय आधी, चांगला पाय आधी, एवढंच म्हणत होतो. प्रभूला ऐकू गेलं असणार."

मालिनीच्या जिभेवरच्या शिव्या जिभेवरच राहिल्या.

"तसं काही नाही," ती म्हणाली. "चूक माझी. उतरायचं मी तुम्हाला नीट शिकवलंच नाही."

"म्हणजे प्रभूनं मला टाकलं नाही?" अर्लनं विचारलं.

"नाही टाकलं," मालिनी म्हणाली, आणि पांघरूण बाजूला करून तिनं त्याचं पाऊल हातात घेतलं.